पंढरीची वाट आणि इतिहासाचे क्षेत्राधारित अध्ययन : इरावती कर्वे व दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या अभ्यासपद्धतींचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर इतिहास हा विषय प्रामुख्याने क्रमिक ग्रंथ, वर्गातील व्याख्यान आणि टिपणे यांच्या आधारे शिकविला जातो. या साधनांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ज्या भूमीवर इतिहास घडला, त्या भूमीशी विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात ही उणीव अधिक जाणवते. कारण महाराष्ट्राच्या सामाजिक व धार्मिक इतिहासातील सर्वांत जुन्या आणि आजही वाहत्या असलेल्या वाटांपैकी एक वाट याच जिल्ह्यातून जाते. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास करते. धर्मपुरीजवळ ती सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या मार्गाने पंढरपुरास पोहोचते. संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या मार्गाने येते व वाखरीस दोन्ही पालख्यांच्या वाटा एकत्र येतात.

या वाटेकडे भक्तीच्या दृष्टीने पाहणारे लेखन विपुल आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र दोन अभ्यासकांनी तिच्याकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहिले. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारकऱ्यांबरोबर दिंडीत चालल्या. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी याच वाटेच्या मुळाशी असलेल्या प्रागैतिहासिक हालचालींचा शोध घेतला. दोघांच्या हाती लागलेले निष्कर्ष परस्परांहून अगदी भिन्न आहेत. एकाच वाटेवरून दोन अभ्यासक दोन वेगळ्या गोष्टी शिकून येतात आणि त्याच वाटेवरून पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या लक्षावधी लोकांच्या मनात ते प्रश्न सहसा उभे राहत नाहीत, ही बाब शिक्षणाच्या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुभव आणि शिक्षण या विषयावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, खरे शिक्षण अनुभवातून घडते, परंतु प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. अनुभवाचे शिक्षणात रूपांतर होण्यासाठी त्यावर विचार व्हावा लागतो. प्रस्तुत निबंधात हे तत्त्व पंढरीच्या वाटेच्या उदाहरणावरून तपासण्याचा आणि त्याआधारे महाविद्यालयीन क्षेत्रभेटींच्या स्वरूपाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका : पायी चालून घडलेला इतिहास

महाराष्ट्रात इतिहासाच्या अभ्यासाला आरंभापासूनच भटकंतीची जोड होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांनी कागदपत्रांच्या शोधात गावोगाव प्रवास केला. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर व तळघरांत पडून असलेली दप्तरे त्यांनी मिळविली, वाचली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतून प्रसिद्ध केली. या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रकाशित झाला आणि पुढे तिचे एकूण बावीस खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तिच्यामागेही हीच प्रेरणा होती. राजवाडे यांचे चालणे कागदासाठी होते हे खरे; पण गावांची नावे, आडनावे, बोलीतील शब्द यांच्याकडेही त्यांनी इतिहासाची साधने म्हणून पाहिले.

पुढचे पाऊल पुरातत्त्वाने टाकले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९३९ पासून ह. धी. सांकलिया यांनी नद्यांच्या काठांनी फिरून अश्मयुगीन व ताम्रपाषाणयुगीन स्थळांचा पद्धतशीर शोध घेण्यास प्रारंभ केला. जोर्वे, नेवासे येथील १९५० च्या दशकातील उत्खननांमुळे महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्याही पूर्वी काही शतके मागे नेता आला. जमीन हेच दप्तर आहे आणि ते वाचता येते, हा विश्वास या कार्यामुळे दृढ झाला. इरावती कर्वे याच संस्थेत याच काळात कार्यरत होत्या. गुजरातमधील लांघणज येथील शोधकार्यात त्या सांकलिया यांच्या सहकारी होत्या. त्यामुळे पंढरीच्या वाटेवरील त्यांचे चालणे ही एखाद्या हौशी प्रवाशाची लहर नव्हती. त्यामागे एक घडलेली अभ्यासदृष्टी होती.

इरावती कर्वे : दिंडीतील निरीक्षण

इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला व तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा आणि त्यानंतर बर्लिन येथे मानवशास्त्राचा अभ्यास करून त्या १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजमध्ये रुजू झाल्या. मापनपट्टी व मोजणीची उपकरणे घेऊन त्यांनी देशाच्या अनेक भागांत मानवमितीची व नातेसंबंधांची पाहणी केली. त्यातून १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. 'परिपूर्ती' या १९४९ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या ललित लेखसंग्रहात 'वाटचाल' हा वारीवरील लेख समाविष्ट आहे. १९६२ मध्ये त्याचा इंग्रजी अवतार आशियाविषयक संशोधनाच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच लेखन मराठीत ललित निबंध म्हणून वाचले जाते आणि परदेशात संशोधनाची सामग्री म्हणून स्वीकारले जाते, ही गोष्ट त्या लेखाच्या स्वरूपाविषयी पुरेशी बोलकी आहे.

या लेखातील निरीक्षणांचे दोन स्तर दिसतात. पहिला स्तर प्रदेशाचा आहे. वारीत महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेले लोक एकत्र चालत होते. त्यांच्या बोलींतील भेद कानांवर पडत होते आणि तरीही सर्वांच्या ओठी तेच अभंग होते. या अनुभवावरून कर्वे यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचली : ज्या प्रदेशातील लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न ज्या काळात ऐरणीवर येत होता, त्या काळात नकाशा, राजवट व प्रशासकीय सीमा यांच्यापलीकडे जाऊन लोकांच्या पावलांवरून प्रदेश ओळखण्याचा हा विचार महत्त्वाचा होता. अशी व्याख्या ग्रंथालयात बसून सुचणे कठीण होते.

दुसरा स्तर अधिक अस्वस्थ करणारा आहे. ज्या दिंडीत कर्वे सामील झाल्या होत्या, तीत ब्राह्मण आणि मराठा असे दोन्ही समूह होते. दिवसभर सर्वजण एकत्र चालत, एकत्र गात. मुक्कामाची जागा आली की चुली वेगळ्या पेटत व पंगती वेगळ्या बसत. सगळीच माणसे स्वच्छ, सगळीच स्नान करून जेवणारी. मग हा दुरावा कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात सतत घोळत राहिला. संतांच्या वाणीतील ऐक्य केवळ परलोकापुरते आहे काय, अशी शंका त्यांना आली. पुढे त्या मराठा स्त्रियांच्या पंगतीतही जेवल्या. त्यानंतर त्या स्त्रियांशी त्यांची जवळीक वाढली. आपल्या संसाराच्या, सुखदुःखाच्या गोष्टी त्या बोलू लागल्या व 'ताई' म्हणू लागल्या. पुण्याला भेटावयास येऊ, असे त्यांच्यापैकी काहींनी सांगितले, तेव्हा एका तरुणीने त्यांना साधाच प्रश्न केला की, तेव्हाही त्या आजच्यासारख्याच वागतील काय. हा प्रश्न कर्वे यांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी तो लपविला नाही. हजारो वर्षे शेजारी राहूनही माणसे एकमेकांना परकीच राहिली, ही जाणीव त्यांनी त्या प्रश्नाच्या अनुषंगाने नोंदविली.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीने हा प्रसंग मोलाचा आहे. सामान्यतः क्षेत्रकार्यात अभ्यासक प्रश्न विचारतो आणि लोक उत्तरे देतात. येथे प्रश्नाची दिशा उलटली. निरीक्षण करणारी व्यक्तीच निरीक्षणाचा विषय झाली. विद्वत्ता, जात, शहर आणि वर्ग यांचे जे अंतर मोजावयाचे होते, त्याच्या एका टोकास आपण स्वतः उभ्या आहोत, याचे भान कर्वे यांना वाटेवर आले. अनुभवावरील चिंतन म्हणजे केवळ पाहिलेल्या गोष्टींचा आढावा नव्हे. पाहणाऱ्याच्या स्वतःच्या स्थानाची तपासणीही त्यात अंतर्भूत असते, हे या लेखावरून स्पष्ट होते.

चालणे आणि शिकणे यांतील अंतर

कर्वे यांनी नोंदविलेला दुरावा नवा नव्हता. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीनजीक आहे. वारकरी परंपरेने चोखोबांना संत मानले, त्यांचे अभंग गायिले आणि त्यांच्या समाधीपुढे मस्तक नमविले. तरीही त्यांच्या समाजातील माणसांना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मंदिरात प्रवेश नव्हता. वाटेवर समता आणि दारात विषमता, असा हा विरोधाभास शतकानुशतके टिकून राहिला. दरवर्षी चालणाऱ्या पावलांनी तो आपोआप मिटविला नाही.

तो मिटविण्यासाठी कोणीतरी वाटेच्या शिकवणीचा जाहीरपणे जाब विचारावा लागला. साने गुरुजींनी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागृत केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि विठ्ठल मंदिराचे दार दलितांसाठी खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. साने गुरुजींनी नवे तत्त्वज्ञान आणले नव्हते. वारीत रोज गायिले जाणारे जे आहे, त्याचा अर्थ आचरणात काय होतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. 'परिपूर्ती'चे प्रकाशन या घटनेनंतर दोन वर्षांनी झाले. मंदिराचे दार उघडले तरी पंगतीतील भिंत शाबूत होती, हे त्या लेखावरून दिसते.

येथे वारकरी परंपरेला उणे लेखण्याचा हेतू नाही. सामान्य शेतकऱ्याला, स्त्रियांना, निरक्षर माणसाला शेकडो अभंग मुखोद्गत करून देणारे आणि पंधरा-वीस दिवस शिस्तीने एकत्र राहावयास शिकविणारे हे एक मोठे लोकविद्यापीठच आहे. परंतु ड्युई यांच्या प्रतिपादनाचा प्रत्यय येथे स्पष्टपणे येतो. अनुभव कितीही उत्कट असला तरी त्याला प्रश्न विचारला जात नाही तोवर तो सवयीचा भाग बनून राहतो.

दामोदर कोसंबी : पायाखालच्या जमिनीचा पुरावा

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांचा जन्म गोव्यात झाला. ते मूळचे गणितज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. प्राचीन आहत नाणी तोलून, वापरामुळे त्यांची झालेली झीज संख्याशास्त्राने तपासून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. नाण्यांपासून सुरू झालेला हा शोध त्यांना इतिहासाकडे घेऊन गेला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या त्यांच्या ग्रंथाने राजघराणी व सनावळ्या यांच्याऐवजी उत्पादनाची साधने व समाजाची घडण यांना केंद्रस्थानी आणले.

कोसंबी यांच्या मते, भारतात लिखित साधने विरळ व त्यांचा काळ अनिश्चित असल्याने इतिहासकाराला क्षेत्रकार्यावाचून गत्यंतर नाही. मात्र या उणिवेची भरपाई करणारी एक अनुकूलता येथे आहे. ती म्हणजे भूतकाळातील अनेक जीवनपद्धती येथे वर्तमानातही शेजारीशेजारी नांदताना दिसतात. नांगरणारा शेतकरी, मेंढरे घेऊन फिरणारा धनगर आणि रानातील कंदमुळे व शिकार यांवर गुजराण करणारा समूह एकाच तालुक्यात भेटू शकतात. ही दृष्टी घेऊन त्यांनी पुणे परिसरातील टेकड्या, खिंडी व पाऊलवाटा पायी पालथ्या घातल्या. शेंदूर फासलेला तांदळा दिसला की त्याचे नाव काय, त्याची पूजा कोण करते, नैवेद्य कशाचा, जत्रा केव्हा, पालखी कोठून कोठे जाते, याची ते चौकशी करीत. त्याच ठिकाणच्या जमिनीवर सूक्ष्मास्त्रे मिळतात काय, हेही पाहत. सूक्ष्मास्त्रे म्हणजे अकीक, गारगोटी यांसारख्या दगडांची, पुष्कळदा नखाएवढी लहान, धारदार पाती. अश्मयुगाच्या उत्तरार्धातील शिकारी व पशुपालक लोक ती लाकडात किंवा हाडात बसवून वापरीत.

'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या त्यांच्या ग्रंथात या क्षेत्रकार्यावर आधारलेले निबंध आहेत. एका निबंधात चौरस्त्यांवरील मातृदेवतांच्या स्थानांचा विचार आहे. दुसऱ्या निबंधात पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासाच्या संदर्भात पंढरीच्या वारीचा विचार येतो. त्याचा गाभा असा सांगता येईल : सूक्ष्मास्त्रांची स्थळे, ग्रामदेवतांची ठाणी आणि यात्रेच्या वाटा यांची सांगड अनेक ठिकाणी जुळते. शेती स्थिर होण्यापूर्वी ऋतुमानानुसार माणसे व जनावरे ज्या मार्गांनी ये-जा करीत, त्याच मार्गांवर पुढे व्यापारी तांडे, लेणी आणि अखेर यात्रा यांची परंपरा उभी राहिली असावी. अर्थात, वारी ही संतांच्या काळात सुरू झालेली सर्वस्वी नवी गोष्ट नसून अतिप्राचीन ऋतुगत भ्रमंतीचे ते भक्तिरूप असू शकते.

सोलापूर जिल्ह्याच्या भूगोलाकडे पाहता या तर्कातील मर्म ध्यानी येते. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो. तो मेंढरांना मानवत नाही. पूर्वेकडे भीमा, नीरा, माण या नद्यांचे खोरे पर्जन्यछायेत येते. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो व तोही बेभरवशाचा. मोकळी माळराने, आखूड गवत आणि कोरडी हवा ही मेंढपाळाच्या सोयीची. शेतकऱ्याच्या दृष्टीने आषाढ हा पेरणीचा, शेत सोडून न जाण्याचा काळ. तरीही वर्षातील सर्वांत मोठी वारी याच काळात निघते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. हा योग केवळ आकस्मिक मानावा काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

कोसंबी यांच्या मांडणीच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. सूक्ष्मास्त्रांचा काळ आणि पंढरपूरच्या लिखित पुराव्यांचा काळ यांत हजारो वर्षांचे अंतर आहे. पंढरपूरच्या प्राचीनतेची साक्ष देणारा महत्त्वाचा शिलालेख १२३७ चा असून 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणून ओळखला जाणारा लेख १२७३ ते १२७७ या काळातील आहे. पालखी सोहळ्याचे आजचे स्वरूप तर बरेच अलीकडचे आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या स्वतंत्र पालखी सोहळ्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी लावली. म्हणून आजचे मुक्काम जोडून प्रागैतिहासिक वाट आखता येणार नाही. जमिनीवर मिळालेला पुरावा कागदावरील व शिळेवरील पुराव्याशी ताडून पाहावा लागतो. कोसंबी यांचे महत्त्व त्यांच्या अंतिम निष्कर्षापेक्षा त्यांनी विचारलेल्या प्रश्नात अधिक आहे. तो प्रश्न पुढील संशोधनाला पुरून उरला.

प्रश्नाची परंपरा : सोंथायमर आणि ढेरे

जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांनी धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या, कथा व देवतांचा दीर्घकाळ अभ्यास केला. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पशुपालक समाजाचा लिखित इतिहास नाही, म्हणून त्याला इतिहासच नाही, हा समज त्यांच्या कार्याने दूर केला.

रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रकाशित झाला आणि त्यास १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. विठ्ठल हे मूळचे गोपजनांचे, धनगर-गवळ्यांचे दैवत असून त्याचे पुढे वैदिक व पौराणिक परंपरेत उन्नयन झाले, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ग्रंथ, स्थळमाहात्म्ये, लोककथा व मूर्ती या सर्वांचा साक्षेपी वापर त्यांनी केला. सोलापूर जिल्ह्यातील माढे येथील विठ्ठलमूर्ती हीच आद्य मूर्ती असावी, हे त्यांचे मत मोठ्या वादाचा विषय ठरले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. एका तालुक्याच्या गावातील एका मूर्तीकडे लक्षपूर्वक पाहिल्याने सबंध महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासाविषयी नवा प्रश्न उभा राहू शकतो, ही बाब मात्र अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

कर्वे, कोसंबी, सोंथायमर व ढेरे यांच्या अभ्यासात काही समान सूत्रे आढळतात. प्रत्येकाने क्षेत्रात जाताना मनाशी एक प्रश्न नेला होता. प्रत्येकाने जे दिसले त्याची बारकाईने नोंद केली. प्रत्येकाने परत येऊन ती नोंद ग्रंथांशी, अन्य पुराव्यांशी व स्वतःच्या पूर्वग्रहांशी ताडून पाहिली. प्रश्न, नोंद व पुनर्विचार या तीन पायऱ्यांतील एक जरी गळाली, तरी क्षेत्रभेटीची सहल होते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने विचार

महाविद्यालयीन शिक्षणात वर्गाबाहेरील अनुभवाला स्थान देण्याचे प्रयत्न नवीन नाहीत. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या योजनेने हाताचे काम व परिसर यांना शिक्षणाचे माध्यम मानले होते. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या विशेष शिबिरांमुळे विद्यार्थी खेड्यांत राहू लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी तयार केलेल्या पर्यावरण अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला व त्यासाठी पाच तासिकांइतका वेळ नेमून देण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवीच्या नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आहेत. धोरणाच्या पातळीवर उणीव फारशी उरलेली नाही.

उणीव आहे ती अंमलबजावणीच्या आशयात. क्षेत्र प्रकल्प म्हटले की पुष्कळदा विद्यार्थी एकमेकांच्या वह्यांवरून अहवाल उतरवून काढतात. छायाचित्रे, उपस्थितीपत्रक व प्रमाणपत्र जोडले की काम पूर्ण झाले असे मानले जाते. मोठी विद्यार्थीसंख्या, अध्यापकांवरील कामाचा भार व मूल्यांकनाच्या फाइलींची सक्ती ही त्याची खरी कारणे आहेत. केवळ विद्यार्थ्यांना दोष देऊन भागणार नाही. परंतु श्रेयांक मिळाला आणि प्रश्न मात्र एकही पडला नाही, अशी स्थिती राहिली, तर वर्गाबाहेर जाऊनही विद्यार्थी वर्गातच राहिला असे म्हणावे लागेल.

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांना पंढरीची वाट हे एक सिद्ध क्षेत्र उपलब्ध आहे. आषाढी वारीच्या काळात राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक स्वच्छता, आरोग्य व मार्गदर्शनाचे काम करतातच. त्या सेवेला अभ्यासाची जोड देणे शक्य आहे. त्यासाठी पुढील गोष्टी विचारात घेता येतील.

पहिली गोष्ट, क्षेत्रात जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एक लहान व उत्तर शोधता येईल असा प्रश्न निश्चित करावा. मुक्कामाच्या गावात पालखीतळाची जागा कोणाच्या मालकीची होती. गावातील कोणत्या घराण्याकडे पालखीचा कोणता मान आहे व तो कधीपासून. दिंडीतील स्वयंपाक कोण करते आणि पंगत कशी बसते. धनगरांची मेंढरे आज कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने जातात, असे प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. पंगतीविषयी कर्वे यांनी जे नोंदविले त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्या काळात काय बदलले आणि काय बदलले नाही, याची गावागणिक नोंद होणे अगत्याचे आहे.

दुसरी गोष्ट, नोंदवही त्याच दिवशी लिहिली जावी. पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले यांसाठी वहीत वेगळे रकाने असावेत. या तिन्हींची सरमिसळ झाली की पुरावा व मत यांतील सीमारेषा पुसट होते. माहिती देणाऱ्या व्यक्तीची संमती घेणे व तिचा मान राखणे हेही याच शिस्तीचा भाग होय.

तिसरी गोष्ट, परतल्यानंतर किमान दोन तासिका केवळ चर्चेसाठी राखून ठेवाव्यात. दोन विद्यार्थ्यांनी एकाच ठिकाणी वेगळे काय पाहिले, ग्रंथातील विधानाशी कोणती नोंद जुळत नाही, आणि कोणत्या माणसाने आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला, यावर ही चर्चा व्हावी. मूल्यमापनात अहवालाच्या पृष्ठसंख्येपेक्षा या चर्चेला अधिक वजन देणे उचित ठरेल.

या कामाला काळाची निकडही आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी संत ज्ञानेश्वर महाराज व संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसविण्यात आली. रुंद रस्त्यामुळे वारकऱ्यांचे चालणे सुरक्षित व सुकर होण्यास मदत होते, याविषयी दुमत नसावे. मात्र रस्ता रुंदावताना कडेची झाडे, विहिरी, ओटे, लहान देवळ्या आणि शेंदूर लावलेले अनामिक तांदळे यांचे स्थान बदलते किंवा ते नाहीसे होतात. कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकाच्या दृष्टीने हेच वाटेचे दप्तर होते. राजवाडे यांनी वाळवीच्या तोंडून कागद वाचविले. या दप्तराची नोंद ठेवण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांनाच करता येण्यासारखे आहे.

समारोप

पंढरीच्या वाटेने इरावती कर्वे यांना महाराष्ट्राची व्याख्या दिली आणि त्याचबरोबर स्वतःकडे पाहावयास भाग पाडणारा एक प्रश्नही दिला. त्याच वाटेने कोसंबी यांना अश्मयुगापर्यंत मागे नेले. वाट एकच होती. चालणाऱ्याने सोबत आणलेला प्रश्न व परतल्यावर त्यावर केलेला विचार यांमुळे शिकणे वेगळे झाले. साने गुरुजींच्या उपोषणाने दाखवून दिले की, असा विचार अभ्यासकांची मिरास नाही. तो समाजाचे दार उघडू शकतो. म्हणून क्षेत्राधारित अध्ययन म्हणजे अभ्यासक्रमातील एक सोपा श्रेयांक असे न मानता, विद्यार्थ्याला पुराव्याची आणि आत्मपरीक्षणाची सवय लावणारी पद्धती म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे. दिंडीतील त्या तरुणीने विचारलेल्या प्रश्नाला ग्रंथात उत्तर नाही. तो प्रश्न विद्यार्थ्यांच्या कानी पडेल इतपत त्यांना वाटेवर नेणे आणि परतल्यावर त्याचे विस्मरण होऊ न देणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.